कंटाळ्याची बरणी

शनिवारी शाळा सुटताना विज्ञानाच्या बाईंची कंटाळ्याची बरणी पुन्हा एकदा गळ्यापर्यंत भरली. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे शाळेच्या भाषेत मोठ्या बाईंनी, ती उचलून हलवली. आतली बटणं खुळखुळली.

हे बरण्यांचं खूळ मोठ्या बाईंनी एका शिबिराहून आणलं होतं. तिथे त्यांना कुणीतरी सांगितलं, की मूल किती शिकलं हे परीक्षेत कळतं, पण त्याला मुळात शिकावंसं वाटतं का, हे कुणी बघतच नाही. बोलणं खरं होतं. पण खऱ्या बोलण्याचं पुढे काय करायचं हे सुचलं नाही की माणूस बरण्या विकत आणतो. प्रत्येक शिक्षकाला दोन मिळाल्या. एकीवर ‘ओढ’, दुसरीवर ‘कंटाळा’. तास संपला की मुलांनी रांगेने व्हरांड्यात यायचं आणि मनाला येईल त्या बरणीत एक बटण टाकायचं.

बटणं मोठ्या बाईंच्या नणंदेने दिली होती, तिचं शिवणाचं दुकान होतं. चार दिवसांतच काही उत्साही मंडळी दोनदा मत द्यायला स्वतःच्या शर्टाची बटणं तोडू लागली. आया तक्रार घेऊन आल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, “बघा, मुलं कशी समरस झालीत!”

इतिहासाच्या सरांना मुलं ‘तोफखाना’ म्हणत. ते बरण्यांशेजारीच हाताची घडी घालून उभे राहत, त्यामुळे त्यांच्या तासाची ओढ ओसंडून वाहत असे. मोठ्या बाई स्वतः आठवड्यातून एकदा ‘चांगल्या सवयी’ हा विषय शिकवत. त्यांच्या कंटाळ्याच्या बरणीत तर औषधालाही बटण नसे.

राहता राहिल्या विज्ञानाच्या बाई. त्या एका वर्षाच्या बोलीवर लागलेल्या. मोठ्या बाईंनी त्यांना स्पष्टच सांगितलं होतं, “सत्र संपेपर्यंत ओढ दिसली तर तुम्ही कायम. नाही दिसली तर माझा नाइलाज आहे.” म्हणजे हातात नारळ. आणि बाईंना ही नोकरी मनापासून हवी होती. त्यांना शिकवायला आवडायचं, इतकं साधं कारण होतं.

पहिल्या आठवड्यात त्यांचा एक तास खरोखरच रटाळ झाला. बरणीत कंटाळा पडला. दुसऱ्या दिवशी बाईंनी भिंगाचा धडा घेतला तो घरून भिंग नेऊन. मुलं बाकांवर चढून बघत होती. तरी बरणीत कंटाळाच! मग बाई हट्टाला पेटल्या. हवेच्या दाबाला सायकलचा पंप गेला. वाफेला कुकर गेला. घर हळूहळू रिकामं होऊ लागलं.

“अगं, पंप कुठे ठेवलास?” नवऱ्याने विचारलं.

“शाळेत आहे.”

“आणि सायकलची हवा गेलीय, मी कामावर कसा जाऊ?”

“चालत जा. स्नायूंचा धडा पुढच्या आठवड्यात आहे, तुमच्या पोटऱ्या लागतीलच.”

सासूबाई त्यातल्या त्यात हौशी. दातांच्या धड्यासाठी त्यांनी आपली कवळी स्वतः धुऊन, डब्यात घालून दिली आणि दिवसभर पेज पिऊन राहिल्या. “काय म्हणाली गं पोरं?” संध्याकाळी त्यांनी बोळक्या तोंडाने विचारलं.

“हरखून गेली होती, आई.”

“मग बटणं?”

“कंटाळ्यात.”

“माझ्या दातांचा कंटाळा?” सासूबाईंना ते फारच लागलं. त्या जेवल्यासुद्धा नाहीत.

मधे एकदाच चमत्कार झाला. ओढीची बरणी शिगोशीग भरली. बाई तरंगत घरी आल्या, पंप नवऱ्याला परत दिला आणि दुसऱ्या दिवशी हात हलवत शाळेत जाऊन पुस्तकातला धडा वाचून दाखवला. त्या दिवसापासून जो कंटाळा सुरू झाला, तो थेट या शनिवारपर्यंत.

“सोमवारी मीच येते तुमच्या वर्गात,” मोठ्या बाई म्हणाल्या. “मुलांनाच विचारू आणि काय तो सोक्षमोक्ष लावू.”

सोमवारी मोठ्या बाई कंटाळ्याची बरणी काखेत मारूनच वर्गात शिरल्या. विज्ञानाच्या बाई फळ्याला टेकून उभ्या होत्या.

“या तासाला तुम्हाला कंटाळा येतो का? खरं सांगा.”

“नाही बाई!” सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

“मग ही बटणं कुणी टाकली?”

“आम्हीच.”

मोठ्या बाईंनी बरणी टेबलावर ठेवली. मागच्या बाकावरची एक चष्मेवाली मुलगी उठली. सतत प्रश्न विचारते म्हणून तिला वर्गात ‘शंकासुर’ म्हणत. “बाई, कंटाळा टाकला की दुसऱ्या दिवशी आमच्या बाई काहीतरी आणतात. पंप, कुकर, दात. ओढ टाकली की काहीच आणत नाहीत.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

“प्रयोग केला ना. एक दिवस ठरवून सगळ्यांनी ओढ टाकली. दुसऱ्या दिवशी बाईंनी नुसतं वाचून दाखवलं. मग सिद्धच झालं.”

विज्ञानाच्या बाईंना आता रडावं की हसावं कळेना. आपली नोकरी बुडवायला पोरांनी इतकं शुद्ध विज्ञान वापरलं, याचा त्यांना भयंकर अभिमान वाटला.

“पण तुमच्या या कंटाळ्यामुळे तुमच्या बाई जाणार होत्या!” मोठ्या बाई म्हणाल्या.

शंकासुराचा चेहरा एवढासा झाला. “आम्हाला वाटलं, बरणी त्यांनाच बघायला आहे,” ती पुटपुटली. “शिकवतात त्या.”

मोठ्या बाईंनी बरणी फिरवून ‘कंटाळा’ हा शब्द भिंतीकडे केला. “त्या कुठेही जाणार नाहीत,” त्या शेवटी म्हणाल्या. “कायम झाल्या समजा.” वर्गात जो गलका उठला, तो ऐकून तोफखाना शेजारच्या वर्गातून डोकावून गेले.

गलका ओसरला, तशी मोठ्या बाईंच्या मनात एक पाल चुकचुकली.

“आणि माझ्या तासाला कंटाळ्याचं एकही बटण नसतं, ते का?”

मुलं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी शंकासुरच उठली, तिला राहवतच नाही. “तुमच्या तासाला काहीही टाकलं तरी पुढच्या वेळी तेच असतं, बाई. मग निदान तुम्हाला तरी बरं वाटू दे.”

मोठ्या बाईंनी बरणी उचलली आणि त्या निघून गेल्या.

त्या आठवड्यातला ‘चांगल्या सवयीं’चा तास त्यांनी मैदानात घेतला. स्वतःच्या वाईट सवयी सांगितल्या, नक्कल करून दाखवली, एकदा पडल्यासुद्धा. शनिवारी त्या शिक्षकांच्या खोलीत आल्या तेव्हा चेहरा उजळला होता. त्यांनी मूठ पुढे केली आणि विज्ञानाच्या बाईंसमोर उघडली. आत तीन बटणं होती.

“कंटाळा!” त्या हळूच म्हणाल्या. “तीन जणांना वाटतंय, मी अजून सुधारेन.”