सुमेधच्या फोटोचा सत्कार

आमच्या शेजारच्या खिल्लारे सरांचं अभिनंदन करायचं नसतं. केलं की माणूस अंगावर धावून येतो. कळमनुरीत नवीन बदलून आलेल्या बँकेच्या साहेबांना हे ठाऊक नव्हतं. बिचारे पेढ्यांचा पुडा घेऊन सरांच्या दारात गेले आणि "अभिनंदन" म्हणून मोकळे झाले. सरांनी त्यांना तिथंच उभं करून विचारलं, "काहून? पोरगं परत आलं का? न्हाई ना? मग पेढे कशाचे वाटून राहिले?" साहेब पुडा घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसले. पेढे आम्ही खाल्ले.

सरांचा मुलगा सुमेध नौदलात वैमानिक. आता त्याला अंतराळात पाठवायला निवडलंय. दुसरा बाप असता तर बाजारभर छाती फुगवून हिंडला असता. आमचे सर मात्र कित्येक वर्षं नुसते चिडलेले आहेत. पोरगं जहाजावर विमान उतरवायला शिकलं, तेव्हा सर गल्लीत उभे राहून ओरडले, की एवढी जमीन पडलीय देशात, हा पाण्यावर काहून उतरून राहिला? मग तो टेस्ट पायलट झाला. म्हणजे काय हो, असं मी विचारलं आणि फसले. लोकाची पोरं चांगली विमानं चालवतात, म्हणाले, आमचा दिवटा नवीन विमान वर नेऊन ते कुठं बिघडतं ते बघतो, आणि वरून पगार घेतो. अंतराळाची बातमी आली त्या दिवशी अंगणात पाणी मारता मारता त्यांनी बादलीच आपटली. तिचा कान तुटला, म्हणून परत सुमेधलाच शिव्या दिल्या.

सर हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. शुभ-अशुभ असला शब्द त्यांच्यापुढं काढायची सोय नाही. आमच्या ह्यांनी नवी मोटारसायकल आणली, मी हौसेनं लिंबू-मिरची बांधली. सरांनी लिंबू सोडलं, घरी नेऊन पोह्यांवर पिळलं आणि रसाळ होतं म्हणून वर सांगायला आले. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पौर्णिमेला विहारात जातात, तिथंही कुणी चमत्कार सांगायला लागला की मध्येच उठून "बराबर पुरावा सांगा" म्हणतात. त्यांची बायको, आमच्या शोभाबाई, हात धरून खाली बसवायच्या. त्या गेल्यापासून त्यांना अडवणारं कुणी उरलं नाही.

तर अशा माणसाच्या मुलाचा सत्कार करायचं आमच्या गल्लीच्या मंडळानं ठरवलं. सुमेधचं प्रशिक्षण चालू, त्याला सुट्टी नाही. सर तर ऐकूनच घेईनात. सत्कार उतरल्यावर करतात, उडायच्या आधी न्हाई, एवढं बोलून त्यांनी दार लावलं. पण मंडळाचे अध्यक्ष नानाराव म्हणजे शाल दिसली की हात शिवशिवणारा माणूस. सत्कारमूर्ती नाही तर फोटोचा सत्कार करू, म्हणाले. मी दारात जाऊन डोकेफोड केली, तेव्हा कुठं सर मागच्या रांगेत बसायला कबूल झाले.

सत्काराच्या दिवशी सकाळपासून मी मसालेभाताच्या पातेल्यापाशी. हात धुऊन मंडळाच्या हॉलमध्ये आले आणि बघते तर काय! स्टेजवर खुर्ची. खुर्चीवर सुमेधचा गणवेशातला फोटो, मोठा करून फ्रेम केलेला. फ्रेमला झेंडूचा हार, पुढं नारळ, आणि कुणा दीडशहाण्यानं समई आणि उदबत्तीही लावलेली. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालतात का मेल्यांनो? दिसत सगळ्यांना होतं, बोलत कुणी नव्हतं. मी नानारावांच्या कानाशी लागले, तर म्हणतात, फुलं ताजी आहेत वहिनी, काळजी करू नका.

तेवढ्यात पुसेगावचे जाधव गुरुजी आले. सरांच्या शाळेतले जुने सोबती. सुमेधसाठी सगळे हॉलवर जमणार आहेत, एवढंच त्यांना कुणीतरी फोनवर सांगितलं होतं. त्यांनी दारातूनच फोटो पाहिला. चपला काढल्या, टोपी हातात घेतली, पुढं जाऊन फूल वाहिलं आणि डोळे मिटून उभे राहिले. मग सरळ मागच्या रांगेत येऊन सरांच्या खांद्यावर हात ठेवला. हळूच विचारलं,

"कवा झालं?"

सर उठले. स्टेजवर चढून त्यांनी हार ओढून तोडला, समई विझवली, फोटो काखेत मारला. "पोरगं जिवंत आहे माझं," एवढंच म्हणाले आणि चालते झाले. जाधव गुरुजींनी हातातली टोपी परत डोक्यावर घातली.

नानाराव काय म्हणाला असेल? विज्ञानाचा मास्तर आणि हाराला भ्याला, म्हणाला. वर हसला. मी त्याला सगळ्यांसमोर असा झापला, की शाल घडी करून गपचूप बसला. पण राग मला सरांचाही आला होता. पातेलंभर भात, आणि हा माणूस उपाशी निघून गेला. डबा भरला आणि भांडायच्या तयारीनंच त्यांच्या घरी गेले.

सर खाटेवर बसले होते. फोटो मांडीवर. फ्रेमच्या कोपऱ्यात अडकलेल्या झेंडूच्या पाकळ्या नखानं काढत होते. मी तोंड सोडलं. म्हटलं, लोकांना पुरावा मागता, मग हारानं काय होणार होतं?

"काही होत न्हाई," सर म्हणाले. "जन्मभर पोरांना तेच शिकवलं. पण बघवलं न्हाई, ताई."

डबा त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी हात लावला नाही. भिंतीकडं बघत बोलायला लागले.

"सुमेध सांगतो, त्याच्या विमानात जिवावरची प्रत्येक वस्तू दोन-दोन बसवलेली असती. एक बंद पडली तर दुसरी. माझा भरवसा विज्ञानावर आहे. तो काही हलत न्हाई. पण तुमी रोज सकाळी देवापुढं बसता. पोरगं खाली उतरेपर्यंत त्याचं नाव घेत जा. मी सांगितलं म्हणून कुणाला बोलू नका."

"रोज घेते," मी म्हटलं. "कधीपासूनच."

"मला न विचारता?" म्हणून सर माझ्यावर भडकले. मग तोंड फिरवलं आणि रडायला लागले.