राजापूरच्या आधी पळायचं नाही

तावडेकाकांनी माझा पाय बिघडवला, असं मी माझ्या बायकोला सांगितलं. ते खोटं होतं. माझा पाय मीच बिघडवला होता, आणि तोही त्यांनी नको म्हणून बजावल्यावर. हे आधीच लिहून टाकतो, कारण तावडेकाकांबद्दल लिहायचं म्हणजे हसू येण्यासारखं बरंच येणार, आणि वाचणाऱ्याला वाटेल की मी त्यांची थट्टा करतोय. त्यांची थट्टा करायचा हक्क बिल्डिंगमध्ये सगळ्यांना होता. माझा मी घालवून बसलो.

तावडेकाका माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, टाचांकडे बघत. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. मुलुंड पूर्वेला आमची चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली सोसायटी. ते पहिल्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या. जिन्यात गाठ पडली की ते बाजूला सरकून आपल्याला पुढे जाऊ देत. नव्या माणसाला ही सभ्यता वाटायची. खरं म्हणजे त्यांना आपण मागून हवे असायचो. चार पायऱ्या चढलं की खालून आवाज यायचा, "डावी टाच लवकर उचलतोस रे तू. सकाळी उठल्यावर दुखते?"

दाराबाहेर काढलेल्या चपला ते वाचत. एकदा तिसऱ्या मजल्यावर शहांच्या भाचीला बघायला मुलगा आला होता. काकांनी बाहेरचे बूट उलटे करून पाहिले आणि शहाभाभींना आत जाऊन सांगितलं, "मुलगा उजवीकडे कलतो. खिशात काहीतरी जड बाळगतो." घरात अर्धा तास घोर शांतता पसरली. शेवटी भाचीच्या बापाने धीर करून विचारलं, तेव्हा मुलाने खिशातून दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा काढून दाखवला. लग्न झालं. काका लग्नात म्हणाले, "मी कुठे नाही म्हणत होतो? मी फक्त कलतो म्हणालो."

कोकणात जाणाऱ्या एसटीच्या बुकिंगच्या खिडकीत त्यांचा जन्म गेला होता, तोही बसून. निवृत्त झाले त्याच सुमारास साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला. काका दुसऱ्या दिवशी सपाट स्लिपर घालून मिठागरांच्या रस्त्याने निघाले आणि दुपारी जेवायला परतले. असं रोज. महिन्याभरात टाचेमागची जाड शीर, ज्याला ते घोडशीर म्हणत, इतकी सुजली की सकाळी बिछान्यातून मोरीपर्यंत भिंत धरून जावं लागे. हॉस्पिटलात व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंनी त्यांना घरी करायचे उपाय सांगितले. काका बरे झाले आणि मग इतरांना बरं करायला मोकळे झाले. पत्नी आधीच गेल्या होत्या. वेळ भरपूर होता.

माझी पाळी आली ती माझ्या पोटामुळे. ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "साळवी, टेबल जरा मागे घे, तुझं पोट फायलीवर येतंय." मला ते लागलं. मी कॅनव्हासचे बूट आणले आणि दुसऱ्या दिवसापासून पळायला लागलो. चाळिशी उलटलेली, आधीचा सराव बस पकडण्याचा. तीन आठवड्यांत अशी अवस्था झाली की सकाळची पहिली पावलं मी पांगुळगाड्यातल्या पोरासारखी टाकू लागलो. दिवसा थोडं चाललं की बरं वाटायचं, म्हणून मी पुन्हा पळायचो.

काकांनी मला पहिल्या पायरीवर बसवलं आणि टाचेच्या जरा वर शीर चिमटीत धरली. मी "आई गं" म्हणालो.

"ही बघ, भिजलेल्या सुंभासारखी जाड झालीय," ते म्हणाले. "काय करतोस?"

"थोडं पळतो."

"आणि आधी काय करायचास?"

"ऑफिसात बसायचो."

"म्हणजे माझ्याच गोठ्यातला. मेल्या, पोटऱ्या तयार व्हायच्या आधी दोरीला गाडी जुंपलीस. दोरी एका दिवसात तुटत नाही. रोज थोडी विरते, आणि आपण तिला रात्रीत सांधायला वेळच देत नाही."

उपचार असा होता. पळणं बंद. चालणं चालू, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलं तर तेवढं कमी करायचं. जुन्या चपलेचं रबर कापून बुटात टाचेखाली घालायचं, म्हणजे शिरेला ताण कमी. संध्याकाळी बर्फ, फडक्यात गुंडाळून. बर्फ काका द्यायचे. त्यांच्या फ्रिजमध्ये बर्फाशिवाय विशेष काही नसायचं. आणि सकाळी जिन्यावरचा व्यायाम.

हा व्यायाम बघायला शेजारच्या बिल्डिंगचे लोक येत. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहायचं, टाचा मोकळ्या. दोन्ही पायांवर वर चढायचं, आणि मग फक्त दुखऱ्या पायावर, हळूहळू, टाच पायरीच्या खाली सोडायची. "ओझं उचलायला तिला येतं," काका म्हणायचे. "सावकाश खाली ठेवायला येत नाही. ते शिकवायचं."

सावकाश म्हणजे किती, यासाठी काकांची स्वतःची पद्धत होती. बाईंनी त्यांना आकडे मोजायला सांगितलं होतं. काकांचं म्हणणं, आकडे मोजताना माणूस घाई करतो, गावं मोजताना करत नाही. म्हणून टाच खाली सोडताना मुंबई-गोवा रस्त्यावरचं एकेक गाव लांबवून म्हणायचं. पनवेऽल. पेऽण. वडखऽळ. नागोठणेऽ. पहिल्या आठवड्यात माणगावच्या पुढे जायचं नाही. शीर साथ देईल तसा पुढचा प्रवास. आजाऱ्याची प्रगतीही त्यातच सांगायची. मीटर वाचायला दिवसभर जिने चढणारा चौथ्या मजल्यावरचा कांबळे सकाळी भेटला की विचारायचा, "कुठवर आलास?" मी म्हणायचो, "कोलाड." तो म्हणायचा, "मी काल कशेडीला अडकलो यार, उतरताना कळ आली." अनोळखी माणसाला आम्ही दोघं ट्रकवाले वाटलो असतो.

नवरात्रात गरबा खेळून शहाभाभींची टाच गेली. त्यांना आमची गावं पाठ होईनात. "काका, मी वापी, वलसाड बोलू?"

काकांनी विचार केला. "बोला. पण तो रस्ता सपाट आहे. टाच घाटात सुधारते."

"तो पछी?"

"वलसाडनंतर कशेडी घ्या."

भाभी महिनाभर वलसाडहून थेट कशेडीला जात होत्या, आणि बऱ्याही झाल्या.

सगळ्यांना एकच सक्त नियम होता. राजापूरच्या आधी पळायचं नाही. मधेच मागून दगड बसल्यासारखं वाटलं आणि पाऊल टेकवेना, तर काकांकडे यायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. "मी दोरी शिवत नाही," ते सांगायचे.

मी महाडला होतो. पाय सुधारत होता, सकाळी मोरीपर्यंत सरळ जात होतो. तेवढ्यात ऑफिसच्या खेळांत आमच्या खात्याच्या रिलेतला एक जण आजारी पडला. मला विचारलं. विचारणारा तो शेजारच्या टेबलावरचाच होता. मी हो म्हणालो. सुमनला, माझ्या बायकोला, सांगितलं की रविवारी ऑफिसचं काम आहे.

पळालो. आमचा नंबर शेवटून पहिला आला. शेवटच्या वळणावर टाचेवर मागून कुणीतरी दगड मारल्यासारखं झालं. मी वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. सगळे पुढे होते. डॉक्टरांनी मला पालथं झोपवून पोटरी दाबली, पाऊल हललं, म्हणाले, नशीब, पूर्ण तुटलेली नाही. पट्टी बांधली आणि पाय टेकवू नका म्हणाले.

रिक्षातून उतरून रिक्षावाला आणि नाक्यावरचा एक जण, अशा दोघांच्या खांद्यांवरून वर आलो. सुमनने दार उघडलं. "अहो, हे काय?"

त्या क्षणी खरं सांगायला फार तर एक वाक्य लागलं असतं. मी म्हणालो, "सकाळी काकांच्या पायरीवर कळ आली होती. ऑफिसात वाढली."

बाकी काही मला करावं लागलं नाही. सुमनने दुसऱ्या दिवशी दुधाच्या रांगेत सांगितलं. दुपारपर्यंत शहाभाभी चपलेत रबर घालायच्या थांबल्या. सेक्रेटरी काकांकडे जाऊन म्हणाले, "काका, जिन्यात आता नको. उद्या कुणाचं काही झालं तर सोसायटीवर येईल." काका म्हणाले, "बरं." त्यांनी ना कुणाला विचारलं, ना कुणाला काही सांगितलं.

दोन दिवसांनी संध्याकाळी आमची बेल वाजली. मी आतल्या खोलीत पलंगावर होतो. काकांचा आवाज आला, "सुमन, बर्फ आणलाय. फडक्यातच ठेव हां, उघडा लावू नको."

"नको काका," सुमन म्हणाली. "आता डॉक्टरांचंच करतोय."

"डॉक्टरपण बर्फच सांगतील."

"मग आम्ही आणू आमचा."

आमच्याकडे फ्रिज नव्हता. काकांना ते ठाऊक होतं. त्यांची पावलं जिना उतरताना मी मोजावीत इतकी सावकाश ऐकू आली, पण मी उशी कानावर ओढून घेतली.

माझा पाय बरा व्हायला पुढे बरेच महिने गेले. त्या काळात काकांच्या घराचं दार, जे सकाळपासून खुर्ची लावून उघडं असायचं, ते बंद राहू लागलं. जिन्यात भेटले की ते बाजूला होत, आपल्याला पुढे जाऊ देत. मागून आवाज येत नसे. कांबळेची टाच पुन्हा दुखायला लागली होती. तो रेलिंग धरून चढायचा. काका बघायचे आणि भिंतीकडे वळायचे. मी त्यांना टाळायला दूध आणायची वेळ बदलली. ते मुकाट्याने बाजूला उभे राहिले की मला शिव्या खाव्यात असं वाटायचं. पण कबूल केलं तर सुमनला दोन गोष्टी कळणार होत्या: मी पळालो हे, आणि मी तिला खोटं बोलायला लावलं हे. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगतो. रोज संध्याकाळी न सांगायला एक कारण मिळायचं.

एके दिवशी काकांनीच मला भाजीबाजारात गाठलं. मेथी निवडत होतो. ते शेजारी उभे राहिले आणि मेथीकडे बघत म्हणाले, "तुझ्या बायकोची टाच धरलीय. उजवी. उभ्याने स्वयंपाक करते ना ओट्यापाशी, आणि त्या नव्या सपाट चपला. अजून थोडकं आहे. तू शिकव तिला पायरीवरचं. माझं नाव सांगू नको म्हणजे झालं, नाहीतर करायची नाही."

मी हातातली जुडी खाली ठेवली. "काका, तुम्हाला राग नाही येत?"

"कसला?"

"मी त्या रविवारी पळालो होतो."

"माका म्हायत होता," ते म्हणाले. "तुझ्या बुटांना चुना लागला होता. जिन्यात चुना कुठला? मैदानावरच्या रेघांचा तो. सकाळी सुमन बाहेर यायच्या आधी मी पुसून ठेवले."

"पुसून? पण का?"

"ती तुझ्यावर चिडली असती. तू घरात पाय वर करून पडलेला, पळून जाता येत नाही, आणि ती चिडलेली. फार वाईट दिवस जातात असे." त्यांनी मेथीची माझी जुडी उचलून पिवळी पानं आहेत का ते बघितलं. "माझ्यावर चिडली तर काय बिघडतं? माझ्या घरात भांडायला आहे कोण?" मग जुडी मला परत देत म्हणाले, "लोक यायचे बंद होतील, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही."

घरी जाऊन मी सुमनला सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती ओट्याला टेकून उभी राहिली, उजवा पाय जरा उचलून. मग म्हणाली, "अहो, मी त्या माणसाचा बर्फ परत पाठवला."

"मी माफी मागतो जाऊन."

"दार लावून मागू नका. खोटं मी रांगेत उभी राहून सांगितलंय. तुमच्यामुळे."

दुसऱ्या दिवशी सकाळी, लोक दूध घेऊन परतत होते त्या वेळी, मी पहिल्या मजल्यावर उतरलो. सुमन माझ्या मागे दोन पायऱ्यांवर थांबली. कांबळे रेलिंग धरून खाली येत होता. शहाभाभी पिशवी घेऊन वर निघाल्या होत्या. मी बेल वाजवली. काकांनी दार उघडलं. अंगावर बनियन, हातात दाढीचा ब्रश.

"काका, माझा पाय तुमच्यामुळे नाही बिघडला," मी म्हणालो. "मी रिलेत पळालो. तुम्ही नको म्हणाला होतात. मग मी तुमच्यावर ढकललं. माझं चुकलं. मला माफ करा."

तावडेकाका घाबरून जिन्याकडे बघायला लागले. "अरे हळू," ते पुटपुटले. "लोक ऐकतायत."

मी तेच पुन्हा म्हटलं, चौथ्या मजल्यावर जाईल अशा आवाजात.