मुनीरभाईंची बिनचाकी रिक्षा

आमच्या शेजारी, मुनीरभाईंच्या अंगणात, एक रिक्षा विटांवर उभी आहे. तिला चाकं नाहीत. इंजिन मात्र चालू होतं, आणि मग सगळी गल्ली खोकते.

मुनीरभाईंची गाण्यांची कंपनी आहे. आधी कॅसेटी काढायचे, आता मोबाईलवर गाणी सोडतात. लातूर-नांदेडकडच्या वरातीत वाजणारी निम्मी गाणी त्यांचीच, पण त्यांचं नाव कुठं दिसायचं नाही. "नाव गाणाऱ्याचं," म्हणतात. "आपला फक्त कान."

नवं गाणं आलं की ते धडधडत्या रिक्षात वाजवतात. "रिक्षात जे ऐकू येत न्हाई, ते चलत न्हाई, अक्का." गाणारे बाहेर हात जोडून उभे, मुनीरभाई ड्रायव्हरच्या जागी आणि मागं पॅसेंजर म्हणून मी. मला गाण्यातलं काही कळत नाही म्हणून मी. मुनीरभाई "चलेगा" म्हणाले की गाणं निघालं.

उन्हाळ्यात अहमदपूरचा एक गायक आला. आवाज असा की शेपटावर पाय पडलेली शेळी बरी. त्यात माझ्या पायाला मुंगळे डसले. मी पाय आपटले. आरशात बघत मुनीरभाई म्हणाले, "चलेगा."

"अहो, मुंगळे हायेत. गाणं भिकार हाय."

"हाव ना, लई खूब."

गायक पाया पडून गेला. इंजिन बंद झाल्यावर मी तेच परत म्हटलं. मुनीरभाईंनी परत मान डोलावली.

मी पुढं जाऊन त्यांच्या कानाशी ओरडले, "ऐकू येतं का तुम्हाला?"

ते हँडल पुसत बसले. "दोन सालापास्नं न्हाई. आरशात तुमचा पाय बघतो. हलला की चलेगा."

"कानाला मशीन लावा," मी तशीच कानाशी ओरडले.

"मशीन दिसतं की. कान गेला कळल्यावर ह्या अंगणात कोण येईल, अक्का?"

घरात त्यांच्याशिवाय माणूस नाही. मी परत कानाशी ओरडले, "आधी मुंगळे मारा."

ते भिकार गाणं आता प्रत्येक वरातीत वाजतं. लोक मुंगळे डसल्यासारखेच नाचतात.

काल चाकूरची एक मुलगी आली. गाणं बरं होतं. आरशात मुनीरभाईंचे डोळे माझ्या पायावर. पंधरा दिवसांपासून माझा गुडघा धरलाय. तरी गाणं संपेपर्यंत ठेका धरला.

"चलेगा," मुनीरभाई म्हणाले.

घरी येऊन गुडघ्याला तेल लावलं.