फायनलच्या मधात मी

फुटबॉल समजून घ्यावा तर माझ्याकडून! आमच्या तांड्यावर मोबाइलला रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीखाली. तिथं डास मारत बसून मी परदेशातल्या मॅची पाहिल्यात. कोणत्या टीमनं कुठून हल्ला करावा हे दारव्ह्याच्या टपरीवर मी इतकं समजावून सांगतो, की मला पाहिलं की टपरीवाला स्टोव्ह बंद करतो! आता बॉलला मी स्वतः कधी पाय लावला नाही, हे खरं. पण स्वयंपाक्यालाच चव कळते असं थोडंच आहे?

आमच्या तांड्यात बायकांची फुटबॉल टीम आहे. माझ्या बायकोनं, रंजितानं, उभी केलेली. कॉलेजात असताना ती जिल्ह्याकडून खेळलेली. कापूस वेचून आल्या की सगळ्या जणी पडीक वावरात बॉलमागं पळतात. माझी बहीण सोनू पुढं खेळते. आणि गोलात आमची याडी, म्हणजे माझी आई, रुपीबाई. हसू नका! जिनं नुसत्या हाळीवर तुरीतून रानडुकरं पळवली, तिला बॉलचं काय भय?

यंदा ही टीम दारव्ह्याच्या स्पर्धेत थेट फायनलला पोचली. जिंकेल ती टीम नागपूरला खेळायला जाणार होती. बायका नागपूरच्याच गोष्टी करत होत्या. आणि नेमके त्यांचे कोच सुनील मास्तर मोटरसायकलवरून पडले. पाय प्लास्टरात!

"काळजी कायले करता? मी हाय ना!" मी छाती पुढं काढून म्हणालो.

रंजितानं माझ्याकडं पाहिलं. बाजारात स्वस्तातल्या कुकरकडं पाहतात, तसं.

घरी मी जमिनीवर तुरीचे दाणे मांडले. त्या आमच्या बायका. समोर सोयाबीन, ती पांढरकवड्याची टीम. बोटानं सगळी तूर सोयाबीनच्या मधून सरळ घुसवली आणि म्हणालो, "असं! मधातून. सरळ गोलात!"

"त्यायच्या मधातल्या दोघी लय दांडग्या हायेत," रंजिता म्हणाली. "मी कडेनं पयतो. बॉल गोलासमोर टाकतो. सोनू मारते."

"कडेनं? हायवे सोडून पांदणीनं कोणी जाते का?"

"हायवे जाम असला त जा लागते!"

"कोच कोण हाय?" मी विचारलं. ती उठून भाकरी टाकायला गेली. मी जिंकलो असं समजून झोपलो.

फायनलला ही गर्दी! पहिल्या रांगेत खुर्चीवर माझे सासरे खेमसिंग, लाल फेटा बांधून लेकीचा खेळ पाहायला आलेले. मॅच सुरू झाली आणि माझ्या लक्षात आलं, की आमच्या बायका आज्ञाधारक आहेत. मी 'मधातून' म्हणालो होतो ना? सगळ्याच मधात! कोंडवाड्याचं फाटक उघडल्यावर शेळ्या घुसतात तशा एकमेकींच्या पायात पाय. बॉल कोणालाच दिसेना.

"भारत, बॉल कुठी गेला रे?" याडी गोलातून ओरडली.

माझा आवाज पोचत नव्हता. माइकवर बोलणारे बबनराव चहा प्यायला वळले, तेवढ्यात मी माइक उचलला. "मधात या! मधातूनच घुसा! रंजिता, कड सोड!"

हे आमच्या टीमनं ऐकलं. पांढरकवड्याच्या कोचनंही ऐकलं. तिनं आपल्या सगळ्या जणी मधात आणून उभ्या केल्या! मग मैदानाच्या मधोमध बाजाराचा दिवस, आणि दोन्ही कडा इतक्या ओसाड, की एका बाजूला बकरी निवांत चरत होती.

आमच्यावर गोल झाला नाही तो केवळ याडीमुळं. मध्यंतरात रंजिता पाणी प्यायला आली. गुडघा सोललेला.

"आता मी कडेनं जातो," ती एवढंच म्हणाली आणि वळली. माझ्याकडं परवानगी मागितलीच नाही!

बबनराव हसले. मला ते झोंबलं. मी म्हणालो, "बायकोले काय समजते फुटबॉलमधलं, बबनराव! म्याच शिकवला तिले. लगन झालं तवा बॉल कसा मारतात हे बी माहीत नव्हतं तिले!"

माझंच वाक्य समोरच्या गोदामाच्या भिंतीवर आदळून परत आलं. "...माहीत नव्हतं तिले!"

हातातला माइक चालू होता.

सगळ्या मैदानात एकदम हशा! त्या हशात खेमसिंग सावकाश उभे राहिले. "जवाई," ते म्हणाले, "तिले पयला बॉल म्या आणून देल्ला होता. सहावीत होती थे."

रंजिता मैदानात उभी होती. ती हसली नाही, रागावलीही नाही. नुसतं पाहिलं आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. विंचू खाली ठेवावा तसा मी माइक ठेवला आणि सासऱ्यांच्या नजरेआड व्हायला पार पांढरकवड्याच्या गोलाच्या मागं जाऊन उभा राहिलो.

आणि तिथून मी खरा फुटबॉल पाहिला. रंजिता चुन्याच्या रेषेला धरून सुटली. तिला अडवायला एक दांडगी कडेला धावली. मग दुसरीही. मधातला रस्ता असा मोकळा झाला, जसा उन्हाळ्यात दुपारचा दारव्हा! मधला रस्ता मोकळा व्हायला आधी कडेनं जावं लागतं, हे एवढ्या मॅची पाहून मला कधी दिसलं नव्हतं.

शेवटची मिनिटं. रंजितानं कडेवरून बॉल उचलून गोलासमोर टाकला. सोनू एकटीच! गोलकीपर पडलेली! मला राहवेना. "मार, सोनू, मार!" करत मी धावलो. नेटचा तर पत्ता नव्हता, नुसते खांब होते. त्यामुळं रेषा कधी ओलांडली ते कळलंच नाही. सोनूनं मारला. बॉल बंदुकीच्या गोळीसारखा आला, सरळ माझ्या छातीवर.

आणि मी तो पकडला! दोन्ही हातांनी, तान्ह्या लेकरासारखा.

शिट्टी वाजली. रेफरी धावत आला. "तुम्ही कोण?"

"कोच."

"यांचे?" त्यानं पांढरकवड्याकडं हात केला.

"आमचेच हायेत," सोनू म्हणाली आणि रडायला लागली.

गोल नाही. मला मैदानाबाहेर काढलं, तेव्हा पांढरकवड्याच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढं टायब्रेकरमध्ये आमच्या एकीचा बॉल खांबाला लागून परत आला आणि नागपूर गेलं. परतताना जीपमध्ये जागा असून मी मागं लटकत आलो.

सकाळी वावरात सगळ्यांसमोर उभा राहून मी हात जोडले. "चुकलो. माह्यामुळं तुमचं नागपूर गेलं."

बायका पायांकडं पाहत राहिल्या. रंजिता पुढं आली. "बॉल पकडला थे ठीक हाय. ध्यान राह्यलं नाई तुमचं, समजतो मी. पण म्याच शिकवलं म्हून खोटं कायले बोलले? माह्या बापासमोर?"

मी मान खाली घालून तसाच उभा राहिलो.

"आता जा घरी," ती म्हणाली. "आमाले खेळू द्या."

निघालो. वाटेत गोलात याडी उभी होती. माझ्या छातीवर बॉलचा गोल वळ उठला होता, शर्टाच्या उघड्या गुंड्यांतून दिसत होता. तिनं तो निरखून पाहिला. आजूबाजूला कोणी नाही असं बघून हळूच म्हणाली, "भारत, पकडला मातर लय सफाईनं रे!"

सांगायलाही लाज वाटते, पण मला तेवढ्यानंही बरं वाटलं.