रणगाडे भिजत घालायचेत

मोरेकाकांच्या घरी राजमा वेळेवर शिजला, असं क्वचितच व्हायचं. तो बहुतेक आघाडीवर असायचा. काका टेबलावर खडूने नदी काढायचे. मूग म्हणजे पायदळ, राजमा म्हणजे रणगाडे. अशी लढाई लढून झाली की तिच्यावर रविवारच्या पुरवणीत लेख लिहायचे. आतून काकू ओरडायच्या, "अहो, रणगाडे भिजत घालायचेत!"

नव्वदच्या आसपास आम्ही गिरगाव सोडून नवघरला आलो, तेव्हापासून ते आमचे शेजारी. नोकरी रेशनिंग ऑफिसात झाली. पण युद्धाचा विषय निघाला की जगातले सगळे सेनापती त्यांच्यापुढे कच्चे. "आधी रसद बघ रे, रसद!" हे पालुपद.

एकदा बिल्डिंगमध्ये पाण्याचा टँकर येणार होता. काकांनी मोर्चेबांधणी केली. पिंपं गेटवर, बादल्या जिन्यात. टँकर लागला मागच्या गल्लीत! "बगलेवरून आला," काका गंभीरपणे म्हणाले. काकू तोवर कळशी भरून वर पोचल्या होत्या.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या पवारांचा संजू सैन्यात भरती झाला. पेढे घेऊन पाया पडायला आला. आता भाषण होणार म्हणून आम्ही सरसावून बसलो. काकांनी त्याचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. "थंडीचे कपडे घेतलेस ना?" एवढंच विचारलं.

संजू गेल्यावर म्हणाले, "आमच्या अविनाशलाही जायचं होतं. भरतीच्या दिवशी मी त्याच्या खोलीला बाहेरून कडी घातली."

काकांनी टेबलावरच्या खडूच्या रेघांकडे बोट दाखवलं.

"नकाशावर बाण काढतो ना मी, त्या बाणात माणसं असतात रे. सगळं वाचलेलं होतं मी. कसा सोडणार?"

काकांचा हा मुलगा त्याच महिन्यात घर सोडून सुरतेला गेला होता. कापड दुकानात लागला. काकूंना फोन करतो. काकांनी उचलला तर ठेवून देतो.

"चुकलं असं वाटतं?" मी विचारलं.

"रोज वाटतं. पण आज पुन्हा तो दिवस आला, तर पुन्हा कडी घालीन."

मग हळूच म्हणाले, "तू कंपनीच्या कामाला सुरतेला जातोस ना? त्याच्या दुकानावरून एकदा जाऊन ये. माझं नाव काढू नकोस. नुसता लांबून बघ. अंगाने भरलाय का, तेवढं सांग."