काकूंचा रुपया आणि बापटकाकांचं यंत्र

आमचे शेजारी बापटकाका पाहुण्यांना चहाच्या आधी कड्या दाखवतात. कोकच्या, बिअरच्या, कुठल्याही कॅनच्या झाकणाला बोट घालून ओढायची जी कडी असते ना, ती. श्रीखंडाचे रिकामे डबे भरभरून त्यांच्याकडे या कड्या आहेत आणि प्रत्येक डब्यावर महिना लिहिलेला आहे. अल्बनीत एवढी शहाणीसुरती माणसं राहतात. पण गराज उघडून समुद्रावरचा कचरा कौतुकानं दाखवणारा गृहस्थ नेमका आमच्याच वाट्याला आला.

काकांनी उभा जन्म पुण्यातल्या एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं दुरुस्त केली. निवृत्तीनंतर मुलानं इकडे आणलं. मुलगा-सून सकाळी सातला बाहेर पडतात ते अंधार पडल्यावर उगवतात. काका खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या बघायचे आणि कुठलाही विषय निघाला की म्हणायचे, "मुळात जा!" माझा टोस्टर बिघडला, मुळात जा. माझं लग्न जमत नाही, तिथेही मुळात जा. शेवटी मी सांगून टाकलं, "काका, मुळात मलाच करायचं नाहीये." तेव्हा टोस्टर तेवढा घेऊन गेले.

गेल्या वर्षी गणपतीत मात्र त्यांच्याच हातून घोटाळा झाला.

विसर्जनाची शिस्त हे काकांचं खातं. निर्माल्य पिशवीत, पिशवी घरी, विड्यावरचा रुपया परत देव्हाऱ्यात. तो रुपया जुना, मोठा, जाडजूड. काकूंच्या वडिलांनी पाठवणीच्या वेळी त्यांच्या हातावर ठेवलेला. दर वर्षी विड्यावर तोच. त्या दिवशी विसर्जनाला समुद्रावर गेलो, तर काकूंचे गुडघे दुखत होते म्हणून त्या वर गाडीतच बसल्या होत्या. काका उथळ पाण्यात उभे राहून सगळ्यांवर "पिशवी, पिशवी!" असं खेकसत होते. त्यांच्या मुठीत अक्षता होत्या आणि अक्षतांखाली रुपया. "पुनरागमनाय च" म्हणत त्यांनी मूठ उधळली. तांदूळ विखुरले आणि त्यांच्याबरोबर काहीतरी चकाकत पाण्यात गेलं.

काका पांढरेफटक पडले. "हिला सांगू नकोस गं," ते मला म्हणाले. "वडिलांची एवढीच वस्तू आहे तिच्याकडे."

माझ्या पर्समध्ये लकी म्हणून बाळगलेला तसलाच एक जुना रुपया होता. तो गुपचूप देव्हाऱ्यात गेला. पुढच्या गणपतीआधी खरा रुपया आणायचाच, असं काकांनी ठरवलं आणि आठवड्याच्या आत मेटल डिटेक्टर मागवला. काकूंना सांगितलं, छंद आहे.

यंत्राबरोबर आलेलं पुस्तक त्यांनी पोथीसारखं वाचलं आणि वहीत मराठीत उतरवलं. "ओली वाळू अधिक मीठ म्हणजे खोटी बोंब. संवेदनशीलता उतरवणे." "तबकडी वाळूला समांतर ठेवणे. झाडू मारू नये." पहिल्या दिवशी यंत्र असं कोकललं की एक कुत्रा मालकाला सोडून पळत सुटला. "यंत्र खोटं बोलत नाही," काका म्हणाले, "विचारणारा चुकतो." मग त्या खोट्या बोंबेचं काय, हे मी विचारलं नाही. सकाळची वेळ होती.

उन्हाळाभर नाण्यांचं सेटिंग लावून त्यांनी तो किनारा इंच इंच पिंजला. इथली नाणी निघाली, एक चावी निघाली, रुपया नाही. दुसरा कुणी असता तर यंत्र विकून मोकळा झाला असता. काकांनी एका रविवारी काकू देवळात गेल्याचं बघून देव्हाऱ्यातला माझा रुपया उचलला, माझ्या लॉनमध्ये पुरला आणि त्याच्यावरून यंत्र फिरवलं. यंत्र ढिम्म. पुन्हा फिरवलं. ढिम्म.

"आलो मुळात!" काका ओरडले.

भानगड अशी होती. प्रत्येक धातूला या यंत्राच्या पडद्यावर एक आकडा उमटतो. नाण्यांच्या सेटिंगवर यंत्र कॅनच्या कड्यांचे आकडे कचरा म्हणून गाळतं आणि आपला जुना रुपया नेमका त्याच आकड्यांत बसत होता. म्हणजे काका कदाचित रुपयावरूनच चालत गेले असतील आणि यंत्र शहाण्यासारखं गप्प राहिलं असेल.

"आता गाळणी काढायची," ते म्हणाले. "मग कडी वाजली तरी खणायचं."

"काका, कड्या किती असतील!"

"असतील तेवढ्या."

तेव्हापासून रोज सकाळी यंत्र मांडीवर आडवं घेऊन काका बसनं समुद्रावर. जूनच्या, म्हणजे इथल्या भर हिवाळ्याच्या थंडीत, वारा कान कापत असताना, हा माणूस गुडघे टेकून कड्या उपसतोय. कुत्री फिरवणारे ओळखीचे झाले. "किया ओरा!" असा इथला नमस्कार करून "फाइंड एनी गोल्ड, मेट?" असं कुणी विचारलं की काका डबा वाजवून म्हणत, "हीप्स ऑफ कड्या!"

ऑगस्टात एका शनिवारी त्यांना घरी आणायला मी गाडी घेऊन गेले, तर काका वाळूत मांडी घालून बसलेले आणि तळहातावर काळवंडलेला रुपया. मी चक्क नाचले. काका हसले, पण यंत्र गाडीत ठेवताना म्हणाले, "मग आता उद्या काय?" मला वाटलं, दमलेत.

खरा रुपया देव्हाऱ्यात गेला, माझा माझ्याकडे आला. गणपती झाले. या वेळी काकू काकांचा हात धरून खाली वाळूपर्यंत आल्या होत्या. काकांनी रुपया आधी खिशात घातला, मगच अक्षता उधळल्या. दुसऱ्या दिवशी यंत्र खोक्यात गेलं आणि काका खिडकीत.

तीन दिवसांनी काकू माझ्याकडे आल्या आणि दार लोटून घेत म्हणाल्या, "माझा रुपया मला कळत नाही होय गं? वर्षभर तुझ्या रुपयाला कुंकू वाहिलं मी."

मी त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली. "मग बोलला का नाहीत?"

"मी बोलले असते तर हे माफी मागून त्या दिवशीच खिडकीत बसले असते. इथे आल्यापासून हा माणूस पहिल्यांदा बाहेरून येऊन मला काहीतरी सांगायला लागला होता. कुणाचा कुत्रा आजारी आहे, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय. आता पुन्हा दिवसभर गाड्या बघतात. जेवलात का विचारलं तर 'हं' म्हणतात."

ती खिडकी मी रोज बघत होते आणि काकांना नुसती हसत होते.

काकू खुर्चीवर टेकल्या, मोजा काढला आणि बोटातलं एक जोडवं ओढून माझ्या हातावर ठेवलं. "सवाष्णीनं काढू नये म्हणतात. देव बघून घेईल. तुझ्याकडे ठेव. इथे मोज्यातलं कोण बघतंय?"

तासाभरानं कुंपणापलीकडून काकांची हाक आली. "अगं, ऐकलंस का? विसर्जनाला हिचं जोडवं वाळूत पडलं!" त्या आवाजात दुःख औषधालाही नव्हतं. यंत्र खोक्याबाहेर होतं, वहीचं कोरं पान उघडलेलं होतं. "चांदी आहे. तिचा आकडा वेगळा. त्यातून आकार त्या कड्यांसारखा. सगळं सेटिंग पहिल्यापासून करावं लागणार!"

"सापडेल ना, काका?"

"म्हणजे काय! वर्ष लागेल फार तर."

आणि तपासून बघायला त्यांनी तिथेच यंत्र चालू केलं. जोडवं माझ्या स्वेटरच्या खिशात होतं. मी त्याच्यावर मूठ धरून मुकाट्यानं चार पावलं मागे सरकले.