जेन्सनच्या उद्देशासाठी मिस्सा

आत्मचरित्र लिहायचं, हे जेन्सनने ठरवलं असं म्हणणं जरा जास्तच होईल. ते तोंडातून निघून गेलं.

इंजिनिअरिंग अर्धवट सोडून तो वसईजवळच्या पापडीच्या घरी येऊन बसला होता आणि रुडॉल्फ डॅडी रोज सकाळी चहाबरोबर एकच प्रश्न वाढत होते, "पुढे काय?" डॅडी हायस्कुलात भूगोल शिकवून रिटायर झालेले. उत्तर येईपर्यंत पोराला बाकावर उभं ठेवायची त्यांची सवय पेन्शनबरोबर चालू राहिली होती.

"पुस्तक लिहितोय," जेन्सन म्हणाला.

"कसलं?"

"आत्मचरित्र."

डॅडींनी कप खाली ठेवला. "बाविसाव्या वर्षी? त्यात काय लिहिणार, दात कधी आले ते?"

"लिहिता लिहिता माणसाला आपल्या जगण्याचा उद्देश सापडतो." (हे त्याने एका व्हिडिओत ऐकलं होतं. व्हिडिओवाला मधूनमधून प्रोटीन पावडरही विकत होता, पण ते डॅडींना सांगायची गरज नव्हती.)

"आणि नाही सापडला तर?"

"तर काय? तुम्हाला तुमचा सापडला होता?"

डॅडी उठून बागेत गेले. आता बोलून बसलोच आहोत तर लिहायला हवं, म्हणून जेन्सन खोलीत जाऊन लॅपटॉप उघडून बसला. आणि गंमत म्हणजे लिहिता यायला लागलं. राग असला की माणसाचं टायपिंग फार सुधारतं.

इकडे बेटी मम्मीने स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. तिने वसईतली कुठलीही आई करील तेच केलं. संध्याकाळी चर्चच्या ऑफिसात गेली आणि पोराच्या नावाने मिस्सेचा हेतू, म्हणजे रविवारच्या उपासनेत वाचायची विनंती, देऊन आली.

रविवारी सकाळी देऊळ (चर्चला इथे देऊळच म्हणतात) गच्च भरलेलं. मिस्सेआधी हेतू वाचून दाखवतात. आधी मेलेल्यांच्या आत्म्यांना शांती मिळावी म्हणून, मग वाढदिवसाची उपकारस्तुती, आणि मग माईकवरून, शांतपणे: "जेन्सनला आपल्या जीवनाचा उद्देश सापडावा म्हणून. विनंती, आईवडील."

जेन्सन मागच्या दारातल्या खांबाला टेकून उभा होता. (पापडीतली तरुण मंडळी मिस्सा तिथूनच ऐकतात. अर्धं अंग देवाकडे, अर्धं पार्किंगकडे.) एकेक करून सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

दुसऱ्या कुठल्या गावात लोकांनी एवढंच समजून घेतलं असतं की पोरगा बेकार आहे. पापडीच्या लोकांचा हिशोब वेगळा. पोराने कॉलेज सोडलं. पोरगा दार लावून लिहीत बसतो. आईने मिस्सा दिली. आणि फादर व्हायला सेमिनरीत जाणाऱ्या मुलाला आपल्या आयुष्याची हकीगत स्वतः लिहून द्यावी लागते, हे तर इथे प्रत्येकाला माहीत, कारण प्रत्येकाचा कोणी ना कोणी भाचा तिथे जाऊन आलेला. शेवटचं गीत संपेपर्यंत जेन्सन धर्मगुरू झाला होता. फक्त त्याला कोणी कळवलं नव्हतं.

दुपारी मर्लिन आत्या सुकेळ्यांची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची, पिशवी घेऊन आली.

"एवढं मोठं पाऊल, आणि सख्ख्या आत्याला देवळात कळतं?"

"कसलं पाऊल?"

"लाजू नकोस रे. लिहून किती झालं?"

"पाच-सहा चाप्टर."

"माझ्याबद्दल लिहिलंस ना काही?"

"आख्खा चाप्टर आहे."

आत्याचे डोळे भरून आले. (त्या चाप्टरचं नाव होतं 'सीसीटीव्ही: लाइट गेले तरी चालू'.)

नाक्यावर तर कहरच. वर्षभर पडवीतून "काय रे, सुट्टी चालूच?" असं विचारणारे डॅडींचे दोस्त क्लिफर्ड अंकल त्याला बघून खुर्चीतून उठून उभे राहिले. जेन्सनला वाटलं, अंकलच्या पायाला गोळा आला.

खरा प्रकार संध्याकाळी कळला. अनिशा वसईतल्याच एव्हरशाईन वसाहतीत राहते, तिथल्याच एका क्लिनिकमध्ये नोकरी करते, आणि जेन्सनबरोबर ज्युनिअर कॉलेजपासून आहे.

"ब्रेकअप करायचं होतं तर मेसेज टाकायचास," ती फोनवर म्हणाली. "देवाला कशाला मधे घेतलंस?"

"काय बोलतेस?"

"तू फादर होतोयस म्हणे. माझ्या मम्मीने सांगितलं. ती एकदम खूश आहे. तुझ्यावर पहिल्यांदाच खूश आहे."

जेन्सनने तिला सगळं समजावून सांगितलं. ती इतकी हसली की फोन कट झाला.

तो तसाच बाहेर आला, सगळ्यांना खडसवायचंच म्हणून. डॅडी समोर बसले होते. त्यांनी स्वतः त्याला चहा ओतून दिला आणि काहीच विचारलं नाही. 'पुढे काय' नाही, उसासा नाही, काही नाही. जेन्सन खडसवायचं विसरला. उद्या सांगू, असं त्याने ठरवलं. (बंडखोर माणसालाही सुकेळी आवडू शकतात.)

उद्याचा परवा झाला आणि परवाचा पुढचा रविवार. त्या दिवशी डॅडींनी चर्चच्या फादर प्लासिडना जेवायला बोलावलं. आत्या आली, क्लिफर्ड अंकल आले. सेमिनरीच्या 'या आणि पाहा' शिबिराला जेन्सनला कधी पाठवायचं, ते ठरवायचं होतं.

टेबलावर डुकराच्या मटणाच्या इंदियालचं भांडं आलं आणि जेन्सनला हे सगळं आधी पाहिल्यासारखं वाटलं. बारावीच्या निकालानंतर ह्याच टेबलाभोवती हीच माणसं बसली होती. "पोरगा मशिनं उघडतो, इंजिनिअर होईल," असं क्लिफर्ड अंकल म्हणाले होते. (त्याने एकदा मिक्सर उघडला होता. तो मिक्सर अजून उघडाच आहे.) सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, म्हणून त्यानेही डोलावली होती. त्या एका मानेपायी हॉस्टेल, नापास विषयांच्या केट्या आणि कुणालाच न सांगितलेलं रडणं, सगळं भोगून झालं होतं. आज पुन्हा मान डोलावली तर ह्या वेळी थेट फादरचा झगाच.

"दिवसरात्र लिहीत असतो, फादर," डॅडी अभिमानाने म्हणाले. "पुढच्याच महिन्यात शिबिराला पाठवू या. काय रे?"

मान हलायला लागली होती. सवयीची मान. जेन्सनने ती धरली.

"मी सेमिनरीत जाणार नाही."

आत्याचा घास हातातच राहिला. "असं कोण म्हणालं?"

"मी. माझ्याबद्दल मीच बोललो. ह्या घरात पहिल्यांदाच होतंय, म्हणून आवाज ओळखीचा वाटला नसेल."

"अरे, मग ते लिखाण?" डॅडी म्हणाले.

"ऐकायचंय? ऐका." त्याने मोबाइल काढला आणि उभा राहून वाचायला लागला. "आमच्या घरात मुलं जन्माला येत नाहीत, रिकाम्या जागा भरल्या जातात. डॅडींनी जन्मभर जगाचा नकाशा शिकवला, पण हेडमास्तरपदासाठी शेजारच्या विरारला जावं लागेल म्हणून ते सोडून दिलं. तेच मला जगात कुठे जायचं ते सांगतात. क्लिफर्ड अंकल गावच्या मीटिंगमध्ये 'वाड्या वाचवा' म्हणून घसा बसेपर्यंत ओरडले आणि संध्याकाळी बिल्डरला स्वतःची वाडी दाखवून आले. आत्याला गावातल्या प्रत्येक मुलीची घरी यायची वेळ माहीत असते, फक्त स्वतःच्या..."

"पुरे," मम्मी म्हणाली.

जेन्सन थांबला. पण खाली बसला नाही. आता छप्पर उडणार.

"दुपारी," क्लिफर्ड अंकल म्हणाले.

"काय?"

"बिल्डर दुपारी आला होता. संध्याकाळी नाही. लिहायचं तर नीट लिही."

"आणि मी पद सोडलं नाही, नाकारलं," डॅडी म्हणाले. "फरक असतो."

"माझ्यावर चाप्टर म्हणालास ना?" आत्या म्हणाली. "एकच वाक्य वाचलंस."

फादर प्लासिड ग्लासात तोंड घालून हसत होते. "रुडॉल्फ, पोराला पाचारण आहे, वरचं बोलावणं," ते म्हणाले. "फक्त आमच्याकडचं नाही."

डॅडी जेन्सनकडे वळले. "मग उद्देश काय तुझा?"

"माहीत नाही. पण तो ह्या टेबलावर ठरणार नाही."

"बरं," डॅडी म्हणाले, आणि इंदियालचं भांडं पुढे ओढलं. त्यांच्या तोंडून हा शब्द जेन्सनने आजवर ऐकला नव्हता.

जिंकलेल्या माणसाच्या तोऱ्यात त्याने सगळं लिखाण अनिशाला पाठवलं. दिवेलागणीला तिचा फोन आला.

"जाम मजा आली. अंकल तर एक नंबर. पण जेन्सन, आत्मचरित्र ना हे? तुझ्या घरचे सगळे आहेत ह्यात. तू कुठेच नाहीस."

"म्हणजे?"

"म्हणजे तुला काय नको ते सगळं कळलं. तुला काय हवंय ते लिही ना."

बरोबर होतं. जेन्सनने लॅपटॉप उघडला, कोरं पान घेतलं, वर ठळक अक्षरात 'मी' असं लिहिलं आणि बोटं मोडली.

मम्मी ताट घेऊन दारात आली. "आता कोणाचा नंबर?"

"माझा. हा सगळा चाप्टर फक्त माझ्यावर."

"मग ताट झाकत नाही," मम्मी म्हणाली. "गार व्हायच्या आत होईल लिहून."